बिब्ब्याच्या पाच निशाण्या

फाल्गुन लागला की चंद्रपूरच्या बाजारात जंगलाकडच्या बाया टोपल्या मांडून बसतात. एकीपुढे डिंक, एकीपुढे बिब्ब्याची वाळलेली केशरी फुलं, आणि एखादीपुढे नुसते बिब्बे. काळे, चपटे, चकचकीत. लोक पायाच्या भेगांसाठी नेतात, बाळंतिणीच्या औषधात घालतात. मी मात्र त्या टोपलीपाशी आले की पदर आवरून घेते आणि थोडी लांबून जाते. भाजीवाली हसते. म्हणते, "काऊन भेता जी आजी, साप हाय का तो?" साप असता तर बरं झालं असतं. साप दिसतो तरी.

याच दिवसांत परीक्षा असतात. आमच्या गल्लीतली पोरं गच्चीवर येरझारा घालत पाठांतर करतात, आणि त्यांचा तो गुणगुणता आवाज आला की जुनी भीती जागी होते. परीक्षा मी कधीच दिली नाही, बरं का. चौथी झाले, पुढे लग्न झालं, आणि वाचायला खरं शिकले ते किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. तरीही परीक्षेचा महिना माझा आहे. तो एका वर्षी माझ्यावर असा बसला की अजून उठलेला नाही.

मागच्या आठवड्यात सून आली, रजनी. एका वाचनालयात काम करते. म्हणाली, "आई, आमच्याकडे पुस्तकं लई वाचणारे काही लोक आहेत. त्याईले भेट द्यायची आहे, हातानं केलेल्या निशाण्या. बाबा म्हणून राह्यले होते का तुमाले बांबूच्या करता येतात." मी तांदूळ निवडत होते. हात थांबला. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो पेपरात तोंड घालून बसलेला. पस्तीस-चाळीस वर्षं गप्प राहिला आणि आता सुनेपुढे बोलून गेला!

पुस्तकात कुठवर वाचलं त्याची खूण ठेवायची, तिला आमच्या गावात निशाणी म्हणत. गाव गोंडपिपरीच्या अलीकडे, एका मोठ्या तलावाच्या काठी. ऐंशीनंतरची ती वर्षं. दर दोन महिन्यांनी चंद्रपूरच्या एका वाचनालयाची लोखंडी पेटी एसटीच्या टपावरून आमच्याकडे उतरायची आणि बुद्धविहारात ठेवली जायची. पेटीत चाळीसेक पुस्तकं. वाचणारे आम्ही मोजून पाच. विहाराची किल्ली सांभाळणारे बुधाजी, पोस्टमनभाऊ, माझी जाऊ लीला, शाळेच्या शालूबाई आणि मी. खुणेसाठी पोस्टमनभाऊ आगकाडी ठेवत, लीला डोक्यातला आकडा ठेवी आणि तो गंजून पानावर तांबडा डाग पाडी. बुधाजी सरळ कोपरा दुमडत. एकदा पेटीसोबत चिठ्ठी आली की पानं दुमडू नयेत, डाग पाडू नयेत. बुधाजींना एवढी लाज वाटली की त्यांनी दोन दिवस पुस्तक हाती धरलं नाही. ते पाहून मला सुचलं, आपण यांना निशाण्या करून द्याव्यात. माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं?

बुरडाच्या अंगणातून मी टोपल्यांच्या उरलेल्या कमच्या आणल्या. तलावात भिजवल्या, फुटक्या काचेनं तासल्या, इतक्या की उजेडापुढे धरल्या तर आपलं बोट पलीकडून दिसावं. टोकाला जुन्या लुगड्याच्या काठाचा दोरा. त्या दुपारच्या वेळेचा वास मला अजून येतो. ओला बांबू, वाळणारी मासोळी, आणि कुठूनतरी मोहाचा पहिला पुसटसा वास.

कोरी पट्टी काही मनाला येईना. मग मी गेले सोनाबाईकडे. सोनाबाई ढिवरीण. तलावाच्या पाळीवर एकटीच राहायची. तिच्या जाळ्याला बांधलेल्या लाकडी तुकड्यांवर बारीक काळे मासे काढलेले असत, आपलं जाळं आपल्याला ओळखू यावं म्हणून. वर्षानुवर्षं पाण्यात राहून ते मासे पुसत नव्हते. तिनं दाखवलं. बिब्बा चुलीपाशी जरासा शेकायचा, तापल्या सुईनं टोचायचा, आतून तेल येतं ते सुईच्या टोकावर घ्यायचं आणि रेघ ओढायची. आधी तांबूस दिसते, मग हळूहळू काळी होते.

"वरून चुना लावजो," सोनाबाई म्हणाली. "अन आठ दिस उन्हात ठेवजो. नाई तं उतते हा. कोनाले उतते, कोनाले नाई उतत, पन उतला का फोडच फोड येते, मानूस वळखू येत नाई."

मी एका तुकड्यावर चुना लावून पाहिला. रेघ फुगली, काढलेल्या पानाचा किडा दिसायला लागला. मी घरी येऊन चुना लावलाच नाही. आता सांगते, ही माझी चूक अडाणीपणाची नव्हती. मला सांगितलं होतं. मला ती रेघ सुंदर हवी होती. आणि माझ्या हातांना लहानपणापासून बिब्ब्याची सवय, आईच्या टाचांना मीच लावून द्यायची, मला कधी फोडसुद्धा आला नव्हता. आपल्याला सोसतं ते सगळ्यांना सोसतं, असं आपण धरून चालतो ना, तसं.

बुधाजींना पिंपळाचं पान काढलं. पोस्टमनभाऊंना सागाचं, लीलाला मोहाचं. शालूबाईंना पळसाची तीन पानं, सगळ्यांत बारीक काम तिथं केलं. आणि माझ्या पट्टीवर एक वेडावाकडा मासा. उन्हात ठेवल्या फक्त दोन दिवस. धीर नव्हता मला.

रविवारी विहारात वाटल्या. बुधाजींनी डोळ्यांशी नेऊन पाहिली आणि म्हणाले, "पोरी, हे तं पुस्तकापेक्षा भारी झालं वो!" शालूबाईंनी पट्टी गालाला लावून पाहिली, किती गुळगुळीत आहे ते. मी तेव्हा हसत होते. तो गाल नंतर किती वेळा आठवला मला.

शालूबाई आमच्या शाळेत शिकवायच्या. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, शाळेमागच्या खोलीत एकट्या राहत. बाहेरून बी.ए. करत होत्या, शेवटचं वर्ष, परीक्षा तीन आठवड्यांवर. पास झाल्या तर हायस्कुलात जागा मिळायची होती. त्यांची एक सवय होती. पान उलटताना बोट जिभेला लावायच्या, आणि वाचत असताना निशाणी ओठांत धरून ठेवायच्या, शिंपी सुई धरतो तशी. डोळे थकले की त्याच बोटांनी चोळायच्या. हे सगळं मी रोज पाहत होते. पाहून माझ्या मनात काहीच आलं नाही.

बुधवारी शाळेतली पोरं दहा वाजताच घरी आली. "बाईचं तोंड सुजलं," म्हणाली. मी पीठ मळत होते तशीच उठून गेले.

खोलीच्या दारातच मला कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती. ओठ फुगून वर उलटलेले, गालावर पाण्याचे फोड, आणि डोळे... डोळे नव्हतेच तिथं. दोन सुजलेल्या गोळ्यांमध्ये दोन रेघा. फोडांतून पाणी येत होतं. बिब्बा उतलेला माणूस आमच्याकडे लहानपणापासून पाहिलेला असतो, पण तो पायावर, हातावर. डोळ्यांवर मी कधी पाहिला नव्हता. मी चौकट धरली.

"कोण आहे?" शालूबाईंनी विचारलं.

"मी. कौसल्या."

"सकाळच्या पहिल्या एसटीनं गोंडपिपरीच्या दवाखान्यात जाऊन आली आत्ता. डॉक्टर विचारत होते, काही लागलं का, काही खाल्लं का. मी म्हटलं, काहीच नाई. मलम दिलं. डोळ्याचं आत्ताच सांगता येत नाई म्हणाले, काऊन झालं ते कळल्याशिवाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "कौसल्या, अठरा दिवस उरले वो परीक्षेला."

डॉक्टरांना जे हवं होतं ते उत्तर माझ्या तोंडात होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाणी देऊ का, बाई?" आजही मला त्या वाक्याची शिसारी येते. पाणी देऊ का!

घरी आले. जेवले नाही. येताना रस्त्यात दोन बाया बोलत होत्या. एक म्हणाली माता आली असेल. दुसरी आवाज खाली आणून म्हणाली, "माता नोहे ते. करनी होय. सोमवारी ती ढिवरीन मासोळ्या घेऊन गेली होती तिच्या घरी." आमच्या त्या भागात करणीचा संशय एकट्या म्हातारीवर आला की पुढे काय होतं ते मला सांगायचं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. एक दार बंद होतं, मग माणसं जमतात.

भ्यालेला माणूस काय करतो? खरं बोलत नाही. आवराआवर करतो. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही घरी गेले आणि म्हणाले, दोरा नीट बसला नाही, द्या जरा, दुरुस्त करून देते. बुधाजींनी दिली, पोस्टमनभाऊंनी दिली, लीलानं दिली. त्यांना कुणालाच काही झालं नव्हतं, फक्त लीलाची बोटं खाजत होती. मग शालूबाईंकडे गेले. त्या उताण्या पडलेल्या, डोळ्यांवर ओल्या कापडाची घडी. उशाशी जाड पुस्तक आणि त्यातून बाहेर आलेला माझ्या लुगड्याचा काठ.

मी ती पट्टी हळूच ओढली. आवाज झाला नाही. जिचे डोळे मी मिटवले होते, तिच्या मिटल्या डोळ्यांसमोर मी चोरी केली.

भर दुपारी घरी कुणी नव्हतं. चारही पट्ट्या मी चुलीत घातल्या. वर उरलेले बिब्बेही टाकले, पुरावाच नको म्हणून. आमच्या गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की बिब्बा जाळत नसतात, त्याचा धूर उततो. मलाही माहीत होतं. पण भीतीनं माणसाला माहीत असलेलंही विसरायला होतं. तडतड आवाज झाला, काळा चिकट धूर आला, आणि मी वाकून फुंकणीनं फुंकत राहिले. लवकर जळावं म्हणून.

संध्याकाळपर्यंत तोंड ताठ झालं. सकाळी डावा डोळा उघडेना, उजव्याला फट राहिली होती. नवऱ्यानं पाहिलं आणि चुलीपाशी जाऊन राख हुंगली.

"बिब्बा जाळला तू?"

मी फुंकणी पायानं मागे सारली.

"काऊन जाळला? खरं सांग."

मी सांगितलं. तो खाली बसला. मग म्हणाला, "तुह्यं तोंड पाहून गाव काय म्हणन, ठाऊक आहे? म्हणन, दुसऱ्या घरी बी करनी झाली. मंग निघतीन सारे बुढीकडं."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. लपवायला गेले आणि माझ्याच तोंडानं सोनाबाईविरुद्ध साक्ष दिली. मी पदरही घेतला नाही. धावत निघाले, एका डोळ्याच्या फटीतून रस्ता दिसत होता तेवढा. शालूबाईंच्या दारापुढे सात-आठ माणसं जमली होती. एक जण म्हणत होता, "बुढीले इचारा लागते एकदा." माझ्याकडे वळून पाहिलं आणि सगळे मागे सरले. त्यांच्या तोंडावर जी भीती होती तीच माझ्या पोटात होती, फक्त माझ्या भीतीला कारण माहीत होतं.

"करनी नोहे," मी ओरडले. आवाज फाटला. "बिब्बा होय. मीच देल्ला बाईले, निशाणीवर काढून. सोनाबाईनं चुना लाव म्हटलं होतं, मी नाई लावला. मग जाळला तं मले बी उतला. पाहा माह्यं तोंड! उतलेला बिब्बा नाई पाह्यला का कोनी?"

मग तोच माणूस जवळ आला, माझ्या गालाकडे निरखून पाहिलं आणि ओशाळून म्हणाला, "हो ना बापा. बिब्बाच होय." आणि मागून कुणीतरी हसलं, "एवढुशा काडीनं दोन बाया आडव्या केल्या!" लोक पांगले. एक जण सायकलवर गोंडपिपरीला डॉक्टरांना सांगायला गेला.

आत शालूबाईंनी सगळं ऐकलं होतं. मी पायाशी जाऊन बसले. वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं.

"पुस्तक मी चाचपून पाह्यलं काल," त्या म्हणाल्या. "निशाणी नव्हती. पान हरवलं माह्यं. मले वाटलं कोणी पोरानं नेली."

"बाई, मी..."

"बोलू नको माह्यासंग. वाच."

"काय?"

"ते पुस्तक घे. तिसरं प्रकरण काढ. वाच."

मी वाचायला लागले. अर्थशास्त्राचं पुस्तक, आणि मी पुड्यांच्या कागदांवर शिकलेली बाई, एका डोळ्यानं. एकेक शब्द तीन तुकड्यांत तोडून वाचत होते. चुकले की त्या न पाहता शब्द दुरुस्त करायच्या, बाकी एक अक्षर बोलायच्या नाहीत. सोनाबाई आली. तिच्या घरी कोण निघालं होतं ते तिला कळलं होतं, तरी आली. चारोळी दुधात वाटून आणली होती. दोघींच्या तोंडाला लेप दिला आणि माझा लेप देताना जरा जास्तच जोरात चोळला. "चुना लावजो म्हटलं होतं ना तुले! डोरे जातीन ना एखादीचे! चित्र काढते म्हणे."

चार दिवस शालूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. सकाळी घरचं आवरून यायचं, दुपारी जायचं, पुन्हा यायचं, वाचायचं. दर सकाळी दाराशी मी थांबायची आणि ऐकायची. त्या उठून वावरत असतील, भांडं अचूक हातात घेत असतील तर दिसत असेल. पण रोज चाचपडण्याचाच आवाज यायचा. सूज उतरू लागली होती, तरी पापण्या चिकटलेल्या. आत काय उरलं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी वाचता वाचता त्या दोन रेघांकडे पाहायची आणि ओळ चुकायची. आठव्या दिवशी उजवी पापणी उघडली. डावी उघडेना. डॉक्टर म्हणाले, थांबा. थांबणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी दाराकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "दारात काऊन उभी राह्यते रोज? आत ये." मग माझ्या हातातून पुस्तक ओढून घेतलं, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला, नुकत्याच उघडलेल्या डाव्या डोळ्यापुढे पान आधी जवळ धरलं, मग लांब.

"कालपासून तू 'पुरावठा' वाचून राह्यली," त्या म्हणाल्या. "पुरवठा आहे ते, येडे."

मी तिथेच बसून रडले. त्या पुढचं पान वाचत राहिल्या. बोट जिभेला लावलं नाही.

पास झाल्या. गडचिरोलीला हायस्कुलात गेल्या. डाव्या पापणीवर काळसर डाग राहिला तो राहिलाच. निकालाचं कार्ड मला आलं, त्यावर दोनच ओळी होत्या. "पास झाली. निशाणी पाठवू नको."

इथं संपायला हवं होतं ना? नवरा तसंच म्हणतो. पण मी चार जाळल्या होत्या, आणि केल्या होत्या पाच.

पाचवी माझी होती, माशाची. मी वाचत होते त्या पुस्तकात होती. ते पुस्तक विहारातल्या पेटीवर ठेवलेलं, आणि मी तोंड सुजवून गावासमोर उभी होते त्याच सकाळी पेटी परत जायची होती. बुधाजींनी सगळी पुस्तकं भरली, एसटीवर चढवली. मला सूज उतरल्यावर आठवलं. त्या पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पहिली पानं फाटलेली, नाव ठाऊक नाही. एका नदीकाठच्या घरातल्या दोन बहिणींची गोष्ट होती आणि मी एकशे बाराव्या पानावर होते. मी वाचनालयाला कार्ड लिहिलं: पुस्तकाचं नाव माहीत नाही, पण त्यात बांबूची पट्टी आहे, तिच्यावर मासा आहे, तिला हात लावू नका, लागला तर डोळ्यांना लावू नका. उत्तर आलं नाही. कुणाला वेडीनं लिहिलं आहे असं वाटलं असेल.

तेव्हापासून मी पुस्तकं उघडते आहे. पुढे चंद्रपूरला आलो, तशी जिथं सभासद होता आलं तिथं झाले. लोक म्हणतात, कौसल्याबाईंना वाचायचा काय नाद! खरं सांगू, निम्मा नाद भीतीचा आहे. पुठ्ठा नसलेलं पुस्तक दिसलं की मी आधी पदराचं टोक बोटाला गुंडाळते, मगच उघडते. कुणी परीक्षेचा पोर डोळे चोळताना दिसला की मला विचारावंसं वाटतं, बाळा, हाताला काही लागलं आहे का?

रजनीला मी निशाण्या करून दिल्या. बांबूच्या, काचेनं तासलेल्या, दोऱ्यासकट. ती म्हणाली, "आई, याच्यावर काही काढा ना. कोरीच कशी देऊ?" मी म्हटलं, "कोरीच दे."

काल त्या पोहोचवायला मी तिच्यासोबत गेले. मागच्या खोलीत जुन्या, फाटक्या पुस्तकांचा ढीग होता. जुन्या कुठल्या कुठल्या वाचनालयांतून गोळा झालेली, आता काढून टाकायची. ती चहा सांगायला गेली आणि मी ढिगाशी बसले, सवयीनं. तिसरंच पुस्तक बिनपुठ्ठ्याचं होतं. पहिल्याच शिल्लक पानावर नदी होती. पदर बोटाला गुंडाळला.

एकशे बारावर मासा होता. तेलाचा, तपकिरी, दोन्ही पानांवर उमटलेला, एक या तोंडाचा आणि एक त्या तोंडाचा. माझाच, वेडावाकडा. पट्टी नव्हती.

म्हणजे कुणीतरी उघडलं होतं. कुणीतरी ती उचलली, कदाचित गालाला लावून पाहिली, किती गुळगुळीत आहे ते.

रजनी चहा घेऊन आली तेव्हा मी तशीच बसले होते. "काय झालं आई? वाचायचं आहे का ते?" मी मान हलवली. ती म्हणाली, "न्या मग. टाकायचंच आहे." आणि आपल्या पिशवीतून एक कोरी निशाणी काढून तिनं माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली. माशांवर ठेवली नाही. बोटाचा पदर सोडला नाही, आणि त्याच बोटानं एकशे तेरावं पान उलटलं.